रिकामी जागा भरू नका, ताई

पत्र

बाई, माझं वय ६७. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा-सून मेलबर्नला. जुलैत ओट्यावर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पाच महिने वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत, एवढंच माझं जग. चर्चची घंटा ऐकू येते, जाता येत नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर, घेऊन येतात, पाच मिनिटं बसतात. सकाळी कामवाली येऊन जाते, नंतर कुणी नाही. दुपारी तर घर खायला उठतं. घड्याळात दोन वाजलेले असतात, बऱ्याच वेळाने बघावं तर सव्वादोन. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून दुपारीसुद्धा चहा-खारीवर भागवते. जपमाळ तोंडाने म्हणते, पण आत काहीच हलत नाही. टेबलापाशी मिस्टरांची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते. शेजारीण म्हणते, देव परीक्षा बघतोय. जाऊबाई म्हणतात, वेळ मिळालाय तर प्रार्थना वाढव. मला खरं सांगा, या रिकामपणात ख्रिस्ती माणसासाठी काही अर्थ आहे, की मीच तो ओढूनताणून शोधतेय? आणि असं विचारणं पाप आहे का?

— एक वाचक, वसई

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, तेवढाच तुमचा जीव हलका होईल. पाप नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे क्रुसावरून विचारलं गेलंय, आणि विचारणारा कोण होता ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यानेही ते बायबलच्या बाविसाव्या स्तोत्रातून उचललं, म्हणजे त्याच्याआधी कुणीतरी विचारून ठेवलं होतं. रांग जुनी आहे. तुम्ही तिच्यात येऊन उभ्या राहिलात, एवढंच.

आता खुर्ची.

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. चाचणीत पहिला प्रश्न ठरलेला असायचा: रिकाम्या जागा भरा, गुण ५. मुलांना सांगायचे, उत्तर येत नसलं तरी जागा कोरी सोडू नका रे, काहीतरी लिहा. तुमचं पत्र वाचताना तो सल्ला आठवला आणि खरं सांगते, थोडी लाज वाटली. कारण पुढे आयुष्यभर आपण तेच करत राहतो. घर शांत झालं की टीव्ही लावतो. कुणी रडायला लागलं की ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होतो. तुम्ही खुर्चीवर कपडे ठेवलेत, शेजारणीने तुमच्या दुःखावर ‘परीक्षा’ ठेवली, जाऊबाईंनी ‘प्रार्थना वाढव’ ठेवलं. तिघींनाही कोरी जागा बघवली नाही.

त्या दोघींवर रागावू नका. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा असेच होते. आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसले, कुणी शब्द काढला नाही, इतकं त्याचं दुःख त्यांना मोठं दिसत होतं. मग ईयोब बोलला, तशी यांचीही तोंडं उघडली, आणि पुढचे तीसेक अध्याय ती मिटेनात. शेवटी देव रागावला तो या मित्रांवर, प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही. तुमचं हाड शेवाळामुळे मोडलं, ताई. आपल्याकडे जुलैत ओट्यावर शेवाळ धरतं आणि माणसं घसरतात. त्यात परीक्षेचा पेपर शोधू नका.

अर्थाकडे येते, पण त्याआधी चहा-खारीबद्दल बोलायचंय. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण ने. देवदूत आला. त्याने प्रवचन दिलं असेल असं वाटतं ना? त्याने एलीयाला हात लावला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं होतं. एलीयाने खाल्लं आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिलं, नंतर परत उठवलं आणि परत म्हणाला, खा. वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी देवाची ती मंद वाणी हे सगळं त्यानंतरचं, होरेब डोंगरावरचं. आधी दोनदा जेवण आणि दोनदा झोप. तेव्हा ताई, कामवालीला जास्तीचे पैसे द्या आणि दुपारचा भात-कालवण करून झाकून ठेवायला सांगा. हाड भरून यायलाही ते लागतं.

आणखी एक विचारते, राग मानू नका. झोप येते का? पहाटे तीनला जाग येऊन मग डोळा लागत नाही, असं होतं का? जगून काय करायचं, हा विचार वरचेवर येतो का? येत असेल तर ज्यांनी खुब्याचं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हे सगळं स्पष्ट सांगा. पडल्यानंतर महिनोन्‌महिने घरात अडकलेल्या वयस्क माणसांना नैराश्य येतं. तो आजार आहे, त्याला औषध आहे, आणि त्याचा विश्वास कमी-जास्त असण्याशी काही संबंध नाही. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलतात. मुलालाही कळू द्या. ‘तो तिकडे काळजी करील’ म्हणून तुम्ही त्याला ‘मी मजेत’ सांगत असाल, अशी मला दाट शंका आहे.

तुमच्या दुपारीबद्दल लिहिलंत ते वाचून मात्र मला हसू आलं, कारण सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी अगदी हेच लिहून ठेवलंय. इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक तपस्वी राहत होता, ३९९ मध्ये वारला. एकट्याने झोपडीत राहणाऱ्यांना छळणाऱ्या एका सैतानाचं त्याने वर्णन केलंय. तो येतो सकाळी दहाच्या सुमाराला आणि दोनपर्यंत हलत नाही. सूर्य जागचा हलत नाहीसं वाटायला लागतं, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन ऊन कुठवर आलं ते पाहतो, जेवायच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते मोजतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून इकडेतिकडे बघतो. तुमचं सव्वादोनचं घड्याळ आणि त्याचा न हलणारा सूर्य एकच. ही माणसं देवासाठी सगळं सोडून गेलेली होती, तरी त्यांच्या दुपारी अशाच होत्या. त्यांनी यावर शोधलेले उपाय साधे होते: हाताला काम, तोंडात एखादी छोटी ओळ, आणि दिवसाचे तुकडे. तुम्ही सबंध जपमाळ रेटू नका. दुपारी दोनला दहा मणी, बस. हातात लसूण सोलायला घ्या हवं तर.

एक फरक मात्र मी लपवणार नाही. ते लोक वाळवंटात आपणहून गेले होते. ‘एकांत वेगळा आणि एकटेपण वेगळं’ हे वाक्य मी इतक्या सदरांतून वाचलंय की आता अंगावर येतं. मोरीपर्यंत जायला वॉकर लागणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? याच कारणाने बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं ते प्रसिद्ध वचन मी तुमच्या हातात लगेच ठेवत नाही. ‘त्याने स्वतःला रिक्त केले,’ असं प्रेषित पौल ख्रिस्ताबद्दल लिहितो, आणि लिहितो तो तुरुंगातून. ख्रिस्ती रिकामपणावरचं बहुतेक प्रवचन तिथून सुरू होतं. पण त्यात ‘स्वतःला’ हा शब्द आहे ना. ख्रिस्ताने ते आपल्या मर्जीने केलं. तुम्हाला कुणी विचारलं होतं का? नवरा गेला, मुलगा लांब गेला, पाय गेला. तुम्ही रिकाम्या झाला नाहीत, केल्या गेलात.

म्हणून मी त्या वचनाच्या थोडं पुढे जाते, गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधल्या शनिवारापर्यंत.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची, पवित्र गुरुवारची संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली आणि मोठ्या मुलांनी वेदीवरचं सगळं उचलायला सुरुवात केली. मेणबत्त्या, फुलदाण्या, शेवटी वेदीचं पांढरं कापड. खालचं लाकूड मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं, एका बाजूला मेणाचे जुने डाग होते. शनिवारी सकाळी आजीबरोबर परत गेले तर वेदीमागच्या ज्या पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवतात तिचं दार सताड उघडं. आत अस्तराचं पांढरं रेशमी कापड दिसत होतं, एका कोपऱ्यात उसवलेलं. शेजारचा तांबडा दिवा विझलेला. मी घाबरून विचारलं, “आजी, देव कुठे गेला?” आजी म्हणाली, “गेलाय. गप्प बस.” आणि ती बाकावर बसून राहिली. जपमाळही काढली नाही.

पुढे कितीतरी प्रवचनं ऐकली, त्या तीन शब्दांइतकं सरळ कुणी बोललं नाही.

पवित्र शनिवार कसा असतो ते तुम्हालाही माहीत आहे. गुरुवारपासून घंटा मुक्या, त्यांच्याऐवजी लाकडी फळी वाजवतात. दिवसभर मिस्सा नाही. ख्रिस्तप्रसाद फक्त मरणपंथाला लागलेल्यांना. आपण तो दिवस फरशी पुसण्यात, मटण सांगून ठेवण्यात आणि इस्त्री करण्यात घालवतो, म्हणून तो कधी दिसत नाही. पण चर्चने वर्षातला एक अख्खा दिवस मुद्दाम कोरा ठेवलाय. त्या दिवशी ख्रिस्त काहीच करत नाही. मेलेला माणूस काय करणार? तोही त्या दिवशी रिकामा केला गेलेला आहे: कपडे इतरांनी काढले, प्रेत इतरांनी उतरवलं, धोंड इतरांनी लावली. आणि विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण म्हणतो की तो अधोलोकात उतरला. म्हणजे जिथे कुणीच नसतं, जिथून देवाचं नाव घेता येत नाही, तिथेही तो जाऊन राहिला.

तुम्ही विचारलेला अर्थ मला दिसतो तो हा, आणि याहून जास्त मला दिसत नाही. रिकामपण देवाने काहीतरी शिकवायला दिलंय, असं मी म्हणणार नाही. ते चांगलं आहे, असंही म्हणणार नाही. पण त्यात पडलेला माणूस विश्वासाच्या बाहेर पडला असं होत नाही. तुमचा शनिवार लांबलाय, एवढंच. त्यालाही कॅलेंडरात जागा आहे.

२०२० साल आठवतं ना? ईस्टर १२ एप्रिलला होता आणि चर्चला कुलूप. त्याच्या पंधरा दिवस आधी, २७ मार्चला, पोप फ्रान्सिस संत पीटरच्या चौकात एकटे आले होते. रोमला संध्याकाळ, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पाऊस पडत होता, फरशी चमकत होती, एरवी माणसांनी भरलेला तो चौक अख्खा रिकामा. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून ज्याची मिरवणूक काढली होती तो लाकडी क्रूस तिथे पावसात उभा होता. नंतर त्यांनी ख्रिस्तप्रसाद हातात घेऊन मुख्य दारात येऊन आशीर्वाद दिला, समोर कुणी नसताना. त्यांनी त्या चौकात पडदे लावले नाहीत, खुर्च्या मांडल्या नाहीत. रिकाम्या जागेकडे तोंड करून उभे राहिले. माझ्या त्या रात्रीच्या आठवणीत त्यांचं बोलणं कमी आहे आणि तो ओला चौक जास्त.

तुमच्या जाऊबाई बायबल नीट वाचत असतील तर इथे मला अडवतील. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात ते घर आहे ना, रिकामं, झाडलेलं, सजवलेलं, ज्यात गेलेला एक अशुद्ध आत्मा सात जणांना घेऊन परत येतो? आपली म्हणही आहे, रिकामं मन सैतानाचं घर. बरोबर आहे. म्हणून रिकामी जागा ठेवायची म्हणजे नुसतं शून्यात बघत बसायचं, असं मी म्हणत नाही. त्या घरात कुणाची वाट बघितली जात नव्हती, मला फरक दिसतो तो एवढाच. मराठीत आपण मन ‘मोकळं’ करतो, ‘रिकामं’ करत नाही. मोकळं करायला समोर कुणीतरी लागतं.

८८ वं स्तोत्र काढा. स्तोत्रसंहितेत रडगाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेक सगळी शेवटी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द आहे अंधार, आणि तिथेच ते थांबतं. चर्चने ते गाळलं नाही. उलट दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत जगभरचे धर्मगुरू आणि सिस्टर ते म्हणतात, म्हणजे येत्या शुक्रवारीही म्हणतील. आणि पाहा, इतकं निराश असूनही ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘तू’ला उद्देशून आहे. तू मला खड्ड्यात टाकलंस, तू माझ्या माणसांना दूर केलंस. आत काही हलत नसलं तरी तुम्हाला हे म्हणता येईल. मदर तेरेसांच्या आत तर जवळजवळ ५० वर्षं काही हलत नव्हतं. २००७ मध्ये त्यांची पत्रं छापली गेली तेव्हा जगाला ते कळलं. त्यांचं नाव मी संत म्हणून काढत नाहीये, संतांची उदाहरणं आजाऱ्याला फार पुरत नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी केली, आपल्या अंधाराबद्दल कबुली ऐकणाऱ्या फादरांना वेळोवेळी लिहिलं. तुमच्या फादरांना तुम्ही सांगितलंय का? की त्या पाच मिनिटांत त्यांना सरबत देण्याची धावपळ करता?

त्यांना सांगा. ख्रिस्तप्रसाद महिन्यातून एकदाच मिळायला हवा असा नियम नाही. बऱ्याच धर्मग्रामांत (पॅरिशांत) त्यासाठी नेमलेले सेवक असतात, ते दर रविवारी घरी आणून देऊ शकतात, मात्र मागावं लागतं. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कारही मागा. तो फक्त शेवटच्या घटकेसाठी, असं आपल्या आज्या मानायच्या, म्हणून फादर तेल घेऊन आले की घरात रडारड सुरू व्हायची. तसं नाही, गंभीर आजारात आणि म्हातारपणाच्या दुबळेपणातही तो घेता येतो. आणि रविवारी चर्चला जाता येत नाही याची टोचणी मनातून काढून टाका, आजाऱ्याला ती सक्ती नाहीच.

त्या शनिवारच्या बायका मला नेहमी आठवतात. लूक शुभवर्तमानात लिहितो की त्यांनी येशूची कबर पाहिली, घरी येऊन सुगंधी मसाले आणि तेलं तयार केली, आणि विश्रांतीच्या शब्बाथ दिवशी स्वस्थ राहिल्या. रविवारी काय होणार आहे याची त्यांना कणभरही कल्पना नव्हती. मेलेल्या माणसासाठी करायचं ते करून त्या बसून राहिल्या. पुढे ते मसाले वाया गेले, कारण ज्याला लावायचे तो तिथे नव्हता. मार्कच्या जुन्यात जुन्या हस्तलिखितांत तर शुभवर्तमान संपतं तेच मुळी त्या बायका थरथरत पळाल्या आणि भीतीने कुणाशी काही बोलल्या नाहीत, या वाक्यावर. रिकामी कबर बघून आधी भीतीच वाटली होती त्यांना. आनंद नंतर आला, आपल्या वेळेने.

तर माझं मागणं एवढंच. खुर्चीवरचे कपडे काढा. दुपारी दोनला, जेवण झाल्यावर, तिच्यासमोर बसा, दहा मिनिटं. मिस्टरांशी बोलावंसं वाटलं तर बोला, देवाशी भांडावंसं वाटलं तर भांडा, काहीच सुचलं नाही तर माझ्या आजीसारखं गप्प बसा. पहिले काही दिवस रडू येईल. फारच जड गेलं तर थोडे दिवस सोडून द्या आणि मला लिहा. कपडे परत ठेवलेत तरी मी रागावणार नाही.

डिसेंबर लागलाय. गल्लीतली पोरं घरोघर नाताळचा गोठा करायला लागली असतील. यंदा तुमच्याकडे करायला बोलवा त्यांना, गवत-पेंढा पसरून जमीन घाण करतील, करू द्या. त्यांना चार पैसे आणि करंज्या द्या. बाळ येशूची मूर्ती तुमच्याकडे जुनी असेल, कापसात गुंडाळून कपाटात ठेवलेली. २४ च्या रात्रीपर्यंत ती काढायची नाही, तोवर गव्हाणीत नुसतं गवत, हे त्या पोरांना ठाऊक असतं.

आणि खुर्चीवरच्या घड्या त्यांच्याकडूनच कपाटात ठेवून घ्या. खालच्या खणात ठेवायला तुम्ही वाकू नका, खुबा अजून कच्चा आहे.

तुमची,
बाई